घेवड्याची शीर

घेवड्याच्या शेंगेला दोन शिरा असतात, एक पोटाकडून आणि एक पाठीकडून. शेंगेची दोन दलं जिथे जुळतात त्या शिवणीवरून त्या देठापासून टोकापर्यंत जातात. देठ नखाने मोडायचा, पण पुरता तुटू द्यायचा नाही. लोंबकळणारी साल धरून हलकेच खाली ओढायचं. निघाली तर शीर एका दमात निघते. मध्येच तुटली तर टोकाचा आकडा मोडून उलट्या बाजूने वर ओढायचं. कोवळ्या शेंगेची शीर रेशमाच्या धाग्यासारखी असते, हाताला लागतही नाही. जून शेंगेची सुतळीसारखी. पाव किलोत मध्यम आकाराच्या साधारण 50 शेंगा बसतात, मी मोजल्या आहेत. म्हणजे 100 शिरा.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, तरी गेल्या वर्षीच्या आषाढापर्यंत मी घेवड्याच्या शिरा काढत नव्हते. सकाळी साडेसहाला दोन डबे भरायचे म्हटल्यावर शिरा काढत कोण बसणार? दहा-बारा शेंगांची जुडी धरायची, सुरीने दोन्हीकडची टोकं उडवायची आणि बारीक चिरायचं. आडवं बारीक चिरलं की शिरेचेही बारीक तुकडे होतात आणि दाताखाली फारसं काही येत नाही. डबा खाणाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, मग मीही तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी ज्येष्ठात अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय लवकर सावरला, बोलणं थोडं जड झालं, उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा. गिळायलाही त्रास होत होता. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की जेवण मऊ द्या आणि दोरे निघतील असं काही देऊ नका. शेवग्याची शेंग नको, संत्र्याची फोड नको, पालेभाजीचे देठ नकोत. मी यादी फ्रिजवर लावली. घेवडा त्या यादीत नव्हता आणि माझ्या डोक्यातही आला नाही. शेंग चांगली शिजली की मऊच होते, एवढाच मी विचार केला.

अण्णांना घेवडा बारीक चिरलेला आवडत नाही. हाताने मोडलेला, बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांचा लागतो. इतके दिवस पेज आणि मऊ भात खाऊन कंटाळलेत, म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम मोडून केला, डाळ घालून, अगदी मऊ. तिसऱ्या घासाला त्यांना ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळे विस्फारले. सासूबाईंनी त्यांना पुढे वाकवलं, मी पाठीवर थापा मारत राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एक मिनिटही नसेल. मग घास बाहेर आला आणि त्यात गुंडाळी झालेली एक शीर होती, चांगली चार बोटं लांब. तुकडे मोडले गेले होते, पण शीर मोडली नव्हती. ती त्या तुकड्यांना धरून तशीच लांबच्या लांब राहिली होती. सगळं निवळल्यावर मी ती ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले.

तेव्हापासून मी घेवड्याची एकही शेंग न सोलता कढईत टाकलेली नाही. कुणालाही सांगते, घरात लहान मूल असो, म्हातारं माणूस असो वा कुणी आजारातून उठलेलं, शिरा काढा. मऊ शिजवणं वेगळं आणि शीर काढणं वेगळं. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी शीर विरघळत नाही.

---

अण्णांनी तीस वर्षं शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी पट्टी, उजव्या हाताने समोरच्या खणांतून खिळा उचलायचा, स्टिकमध्ये लावायचा, पुढचा उचलायचा. दिवसभर हेच. देवनागरीला रोमनपेक्षा कितीतरी जास्त खण लागतात. जोडाक्षरं वेगळी, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या. कुठलं अक्षर कुठल्या खणात आहे हे अण्णांच्या हाताला पाठ होतं. ते सांगतात, खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते. बोटाला ती खाच लागली की खिळा सुलटा आहे की उलटा, ते न बघता कळतं. पुढे ऑफसेट आलं, संगणक आले, खिळे भंगारात वजनावर गेले आणि अण्णा मुद्रितं तपासायला लागले. पण हात तोच राहिला. सुईत दोरा ओवायचा असला की आजही घरात सगळे त्यांनाच हाक मारतात.

म्हणजे मारायचे. तोच उजवा हात गेला होता.

फिजिओथेरपिस्ट बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. रबरी चेंडू दाबा, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावा, नाणी उचला. अण्णा ते सगळं मुकाट्याने करायचे आणि बाई गेल्या की हात पुन्हा मांडीवर. एक दिवस बाई म्हणाल्या, व्यायाम म्हणून नको, घरातलं खरं काम द्या. जे झालं नाही तर अडेल असं. हाताला तेच तेच काम पुन्हा पुन्हा मिळालं की मेंदू त्याची वाट नव्याने शोधतो.

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून घेवडा निवडत होते. प्रत्येक शेंग दोन्हीकडून सोलायची आणि मग उजेडात धरून बघायची, अशी मला त्या दिवसांत सवयच लागली होती. अण्णा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आण इकडे. शिरा मी काढतो."

पहिल्या दिवशी तासाभरात सहा शेंगा झाल्या. डाव्या हाताने शेंग धरायची, उजव्या अंगठ्याने आणि तर्जनीने देठ पकडायचा. पकड बसेपर्यंत शेंग फिरायची, पकड बसली की देठ मोडायला जोर पुरायचा नाही. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवली. सहावी शेंग झाली तेव्हा कपाळावर घाम होता. सहाही शेंगा मी नंतर स्वयंपाकघरात जाऊन तपासल्या. दोनच पुरत्या सोलल्या गेल्या होत्या. बाकी चार मी सोलल्या आणि त्यांना सांगितलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी युक्ती काढली. देठ मोडायच्या भानगडीत न पडता आधी टोकाचा आकडा पकडायचा. आकडा बारीक आणि वाकडा असतो, चिमटीत अडकतो. तिथून शीर सुरू झाली की ओढायला जोर लागत नाही, फक्त सोडायचं नाही एवढंच. मीही आता तशीच टोकाकडून सुरुवात करते. ते म्हणाले, "खाच सापडली."

---

एकदा शिरा ओढताना त्यांनी विचारलं, बिनशिरेचा घेवडा मिळतो म्हणतात, तो कुणी काढला? मी फोनवर शोधलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कॅल्विन कीनी नावाचा बियाण्यांचा माणूस होता. शेंगा निवडून निवडून, ज्यांना शीर नाही त्यांचंच बी पुढे धरत त्याने हे वाण तयार केलं आणि 1894 मध्ये ते बाजारात आलं. इंग्रजीत तोवर या भाजीला दोरीची शेंगच म्हणायचे. आज आपल्याकडे बियाण्यांच्या पाकिटावर अर्का कोमल, कंटेंडर अशी नावं दिसतात, त्यांना शीर जवळजवळ नसतेच. पण मंडईत टोपलीवर वाणाचं नाव लिहिलेलं नसतं. आणि बिनशिरेची म्हणून घेतलेली शेंगही वेलीवर जास्त दिवस राहिली, उन्हाने तापली, तर थोडी दोरकट होतेच. म्हणून एक मोडून, ओढून बघण्याला पर्याय नाही.

नावांचाही गोंधळ आहे. माझी नणंद मुंबईला असते, ती याला फरसबी म्हणते. पुण्यात आम्ही श्रावण घेवडा म्हणतो. नुसतं घेवडा म्हटलं तर कुणी चपटा वाल घेवडा हातात ठेवेल. वाल घेवडा, पावटा, वालपापडी हे एक कूळ, आपल्याकडे फार जुनं. श्रावण घेवड्याचं कूळ अमेरिकेतलं. मिरची, बटाटा, टोमॅटोसारखाच तोही समुद्र ओलांडून आला. फरसबी नावातच फ्रेंच बीन ऐकू येतं. पण आपल्या लोकांनी त्याच्या नावापुढे श्रावण लावला आणि तो घरचा झाला. मला हे फार आवडतं.

राजमाही हाच. शेंग कोवळी तोडली की फरसबी, वेलीवर वाळू दिली की राजमा, जात एकच. सासूबाईंचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. तिथला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, फिकट गुलाबी दाण्यावर लाल पट्टे ओढलेला, म्हणून वाघ्या. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्यांच्या लेखी शेंग ही दाणा भरायच्या आधी घाईने तोडलेली गोष्ट. "आमच्याकडं शेंग कोण खातं, दाणा खातात," असं त्या अजून म्हणतात.

---

घेवडा आणायला मी आठवड्यातून एकदा धायरीहून मंडईत जाते. जवळ भाजी मिळत नाही असं नाही. सोसायटीच्या दारातच गाडी येते, आणि निवडलेली, चिरलेली फरसबी पाकिटात बंद करूनही मिळते. ती मी घेत नाही. चिरलेल्या कडा हवेत काळपट पडतात, पाकिटाच्या तळाला पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. शिवाय आत शिरा काढल्यात की नुसती टोकं उडवलीत, हे पाकिटावर कुणी लिहीत नाही. मी काय करत होते ते मला ठाऊक आहे.

मंडईच्या दगडी इमारतीशी आलं की अण्णांची ठरलेली गोष्ट आठवते. 1886 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ही अष्टकोनी मंडई उघडली. या बांधकामावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, आणि पुढे त्यांचंच नाव तिला दिलं गेलं. अण्णांनी हे कधीतरी एका स्मरणिकेसाठी खिळ्यांत जुळवलं होतं. जे जुळवलं ते त्यांच्या लक्षात राहतं.

घेताना तीन गोष्टी बघते. शेंग वाकवली तर कट् आवाज करून मोडायला हवी. नुसती वाकली तर ती दोन-तीन दिवसांची आहे. मोडलेल्या जागी पाण्याचा बारीक थेंब दिसायला हवा. आणि बाहेरून दाण्यांचे उंचवटे दिसता कामा नयेत. दाणे फुगले की शीरही जाड झालेली असते, दोन्ही बरोबरच जून होतात. रंगावर मी फार जात नाही. काही वाण मुळातच फिकट असतात. पण पिवळट झाक आणि गंजासारखे तपकिरी ठिपके नकोत. भाजीवाल्या मावशींना शेंगा मोडलेल्या अजिबात चालत नाहीत. "ताई, मोडू नका, कोवळाच आहे, सकाळचा आहे." मी म्हणते, एकच मोडते मावशी, आणि ती माझ्या पिशवीत टाका. असं म्हटलं की त्यांचा विरोध मावळतो.

---

अण्णांचा वेग बघता अर्धा किलोला तीन-चार दिवस लागायचे. त्यामुळे घेवडा टिकवायचा कसा हे मला नव्याने शिकावं लागलं. आधी आणला की धुऊन, निथळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ढकलायची. तिसऱ्या दिवशी बुळबुळीत. आता मुळीच धूत नाही. टोपलीतून कुजकी, किडकी शेंग तेवढी बाजूला काढते, कारण एक शेंग शेजारच्या चार घेऊन जाते. बाकीच्या कोरड्याच, जुन्या सुती पंचाच्या तुकड्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवते आणि झाकण जरा किलकिलं. नुसत्या उघड्या ठेवल्या तर सुकून लोळागोळा होतात, घट्ट बंद केल्या तर घाम सुटतो. पंचा तो घाम पिऊन घेतो.

आणि फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही. हे मला एका वाईट आठवड्यानंतर कळलं. शेंगा बाहेर काढल्या तेव्हा ठीक होत्या, तासाभरात त्यांच्यावर तांबूस ठिपके उठले, जणू गंज चढला. घेवड्याला फार थंडी बाधते. 5 अंशांच्या खाली बरेच दिवस राहिला की आतून मार बसतो आणि तो बाहेर आल्यावर दिसतो. खालच्या भाजीच्या खणात, दाराकडच्या बाजूला ठेवला की आठवडाभर छान राहतो. केळी, पेरू, टोमॅटोच्या शेजारीही नको, पिकणाऱ्या फळांच्या संगतीत शेंगा पिवळ्या पडतात. जरा मलूल झालेल्या शेंगा निवडायच्या आधी गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवल्या की पुन्हा ताठ होतात. अण्णांना तशाच लागतात. मऊ पडलेल्या शेंगेची शीर मध्ये तुटते, ताठ शेंगेची सरळ निघते.

भाद्रपदात भाव उतरला तेव्हा मी 2 किलो आणला. सोलून, मोडून, उकळत्या पाण्यात 3 मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर पसरून कोरडा, ताटलीत सुटा सुटा गोठवला आणि पिशव्यांत भरला. ही 3 मिनिटं चुकवायची नाहीत. शेंगेच्या आतले रस थंडीतही आपलं काम चालू ठेवतात आणि चव उतरवतात, उकळत्या पाण्याने ते थांबतं. गोठवलेला घेवडा ताज्यासारखा करकरीत लागत नाही. पुलावाला आणि सूपला चालतो, नुसत्या परतलेल्या भाजीला मी वापरत नाही. बाटल्यांत पाण्यात भरून वर्षभर ठेवण्याच्या पाककृती फिरतात, त्या मात्र घरी करू नयेत. शेंगेत आंबटपणा नसतो, आणि बंद बाटलीत साध्या उकळीने न मरणारे जंतू वाढतात. विषबाधा जिवावर बेतते. आपल्याकडची जुनी रीत वाळवायची आहे. सासूबाई गवारीच्या शेंगा मिठाच्या ताकात बुडवून उन्हात वाळवतात आणि तळून देतात. घेवड्याला ती रीत साधत नाही, करून बघितली.

---

आता शिजवण्याचं. इथे सासूबाईंचं आणि माझं जमत नव्हतं.

त्यांची भाजी अशी: तेलात मोहरी, हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या, कढीपत्ता. शेंगा टाकून दोन हात परतायच्या, वर ताट झाकून ताटात पाणी ठेवायचं. ते पाणी गरम झालं की लागेल तसं त्यातलंच आत घालायचं. दहा-बारा मिनिटांनी मीठ, गुळाचा खडा, ओलं खोबरं, कोथिंबीर. चव अप्रतिम. रंग मात्र शेवाळासारखा. माझं म्हणणं, झाकण ठेवूच नका. शेंगेत थोडं आम्ल असतं, ते शिजताना वाफेबरोबर उडून जातं. झाकण असलं की तेच पाणी होऊन परत भाजीत ठिबकतं, आणि आम्ल आणि आच मिळून हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम बाहेर काढतात. मग रंग शेवाळी होतो. यावर सासूबाई म्हणाल्या, "रंग बघायचा की माणूस बघायचं? यांना मऊ लागतं." ते खरंच होतं. उघड्या कढईत मऊ होईपर्यंत शिजवायचं म्हटलं तर पाणी घालत बसावं लागतं आणि शेंग वातड होते.

आता आमची पद्धत दोघींची मिळून झाली आहे. पहिली पाच मिनिटं उघडी, उकळत्या पाण्याचा हबका मारत, म्हणजे जे उडायचं ते उडून जातं. मग ताट, ताटात पाणी. रंग अगदी पोपटी राहत नाही, पण शेवाळीही होत नाही. अण्णांच्या वाटणीला भिजवलेली मूगडाळ घालून आणखी दहा मिनिटं. डाळ शेंगेला धरून ठेवते, घास सुटा सुटा होऊन घशात पसरत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल घालायचं तर शेंग पुरती मऊ झाल्यावरच. आधी आंबट पडलं की ती तिथेच अडून बसते, कितीही शिजवा. चिमूटभर सोडा टाकला की रंगही राहतो आणि शेंगही झटकन मऊ होते, हे खरं आहे, पण मी तो टाकू देत नाही. शेंगेचं पीठ होतं, चव साबणासारखी लागते आणि त्यातलं ब जीवनसत्त्व जातं. आजारी माणसाच्या ताटातून तेच कशाला काढून घ्यायचं?

पाण्यानेही फरक पडतो. धायरीत उन्हाळ्यात टँकर येतो. ज्या दिवशी बोअरचं जड पाणी असतं त्या दिवशी शेंग पाच-सात मिनिटं जास्त घेते. पाण्यातल्या चुन्याने तिची साल घट्ट धरून ठेवलेली असते. पेठेतल्या जुन्या घरी खडकवासल्याचं पाणी होतं तेव्हा हे कधी जाणवलं नव्हतं. आता भाजीपुरतं पिण्याचं गाळलेलं पाणी वापरते.

---

श्रावण संपता संपता अण्णा शेंगा नुसत्या सोलत नव्हते, लावत होते. मी लक्ष दिलं नव्हतं, एकदा बघितलं तर टेबलावर तीन वाट्या होत्या. एकीत कोवळ्या, बोटाएवढ्या, जवळजवळ बिनशिरेच्या. दुसरीत मधल्या. तिसरीत जून, ज्यांची साल त्यांनी टाकून दिली होती आणि दाणे काढून ठेवले होते. शीर ओढताना किती जोर लागतो त्यावरून ते वाटी ठरवत होते. बघावं लागतच नव्हतं. छापून झालेले खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं कामही ते तीस वर्षं करत आले होते.

त्या तीन वाट्यांनी आमचा स्वयंपाक बदलला. कोवळ्या आख्ख्याच वाफवून वर मोहरी-मिरचीची चरचरीत फोडणी आणि दाण्याचं कूट. मधल्यांची रोजची भाजी. जून दाण्यांची सासूबाई कोरेगावची आमटी करतात, कांदा-खोबरं भाजून वाटून. श्रावण आणि उपासतापास संपल्यावर. दाणे आधी चांगले दहा मिनिटं खळखळून उकळायचे आणि ते पाणी टाकून द्यायचं. हा राजम्याचाच भाऊबंद आहे, कच्चा किंवा अर्धाकच्चा पोटात गेला तर उलट्या होतात. मंद आचेवर नुसता कोमट शिजत ठेवणं तर त्याहून वाईट.

नवरात्राच्या सुमारास मी अण्णांच्या शेंगा तपासायच्या सोडल्या. आधी दहातली एक काढून बघायचे, मग वीसातली एक. मग एक दिवस वाटी घेतली आणि थेट कढईत टाकली. जेवताना घास घेतला, त्यांनीही घेतला. मी ताटाकडे न बघता त्यांच्या गळ्याकडे बघत होते. ते म्हणाले, "गूळ कमी पडलाय."

दिवाळीनंतर गवार आणली. गवारीला शीर कमी, पण अंगावर लव असते आणि दोन्ही टोकं नखाने खुडावी लागतात. शेंग बारीक, पकड त्याहून बारीक लागते. बाई म्हणाल्या, चांगलं आहे, द्या. पहिल्या दिवशी पुन्हा सगळं सावकाश झालं, पण घाम आला नाही.

मार्गशीर्षात एका रविवारी ते म्हणाले, मला मंडईत ने. नवऱ्याने रिक्षा अगदी गाळ्यांच्या तोंडाशी नेली. काठी डाव्या हातात, माझा हात नको म्हणाले. मावशींच्या गाळ्याशी ते थांबले, घेवड्याच्या ढिगावरून उजवा हात फिरवला आणि एक शेंग उचलली. आकडा चिमटीत धरला, ओढला. शीर टोकापासून देठापर्यंत आली, बारीक, एकसंध. मग त्यांनी शेंग मोडली. कट् झालं.

"ओ बाबा," मावशी म्हणाल्या, "एक मोडलीत ना, बास की आता."

अण्णांनी तोवर दुसरी उचलली होती.